शेजाऱ्यांच्या छटा असलेली फिलिपिनो लोकनृत्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांबूच्या काठ्यांमधून डोके ताठ ठेवून चालणारी राजकन्या आणि धातूची लांब नखे लावून हात लहरवणारी नर्तकी ही दोन दृश्ये पाहून आलेल्या प्रश्नांतून हे पान तयार झाले आहे. बहुतेक प्रश्नांचा रोख एकच असतो, तो म्हणजे 'हे आपल्याकडूनच गेले ना?' त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ते जागोजागी विभागून दिले आहे.

१. फिलिपिन्स हा ख्रिस्ती आणि स्पॅनिश वळणाचा देश आहे. मग त्याच्या लोकनृत्यांत आशियाई छटा कुठून येते?

स्पेनची सत्ता तेथे १५६५ पासून १८९८ पर्यंत होती. पण ती सगळीकडे सारखी रुजली नाही. लुझोन आणि विसाया भागांतील सखल प्रदेशात चर्च, जत्रा आणि तंतुवाद्यांचा ताफा आला, आणि त्यांच्याबरोबर 'होता' (jota) व 'फांदांगो' हे स्पॅनिश नृत्यप्रकारही आले. दक्षिणेकडील मिंदानाव बेट आणि सुलू द्वीपसमूह येथे मात्र मुस्लिम सुलतानांची राज्ये होती आणि ती एकोणिसाव्या शतकापर्यंत स्पेनला दाद देत नव्हती. या भागाचा रोजचा व्यवहार मनिलापेक्षा बोर्निओ, जोहोर, मलाक्का आणि मालुकूच्या बेटांशी अधिक होता. इस्लामही तेथे याच सागरी वाटेने पोचला. सिमुनुल बेटावरील मशिदीची स्थापना परंपरेने १३८० मधील मानली जाते, तर मिंदानावातील मागिंदानाव राज्याच्या सुलतान घराण्याचा मूळपुरुष शरीफ काबुंगसुवान जोहोरहून आला असे सांगतात.

म्हणून या पानावरील 'शेजारी' हा शब्द नकाशातील सीमेपेक्षा समुद्रावरून वाचावा. सुलूच्या नावाड्याला बोर्निओचा किनारा मनिलाहून कितीतरी जवळचा होता.

२. भारताचा प्रभाव फिलिपिन्सपर्यंत थेट पोचला होता का?

प्रभाव पोचला होता, परंतु तो प्रामुख्याने जावा, सुमात्रा आणि मलय जगताच्या हातून पोचला. १९८९ मध्ये मनिलाजवळच्या लागुना प्रांतात एक ताम्रपट सापडला. एका ऋणातून मुक्तता झाल्याचा तो लेख आहे आणि त्याची भाषा जुनी मलय असून तीत संस्कृत शब्द मुबलक आहेत. मराठी वाचकाला त्यातील तिथी वाचताना पंचांग उघडल्यासारखे वाटेल : शक ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. आपण आजही ज्या शकाने वर्षे मोजतो तोच हा शक, म्हणजे इसवी सन ९००. मिंदानावातील आगुसान प्रांतात १९१७ मध्ये सापडलेली सोन्याची स्त्रीमूर्ती, जी आता शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहे, याच काळाच्या आसपासची मानली जाते.

भाषेतही हे थर दिसतात. तागालोगमध्ये 'आसा' म्हणजे आशा, 'मुखा' म्हणजे चेहरा, 'गुरो' म्हणजे शिक्षक, 'दिवाता' म्हणजे वनदेवता किंवा अप्सरेसारखी शक्ती. मात्र शब्द पोचला म्हणजे नृत्यही पोचले, असे अनुमान काढणे घाईचे होईल. शब्द व्यापाऱ्याच्या जिभेवरून प्रवास करतो. नृत्याला शिकवणारा माणूस आणि काही वर्षांचा सहवास लागतो.

३. सिंगकिल म्हणजे काय आणि ते रामायणावर आधारित आहे का?

सिंगकिल हे मिंदानावातील लानाव सरोवराच्या काठी राहणाऱ्या मारानाव समाजाचे नृत्य आहे. मारानाव या नावाचा अर्थच 'सरोवराचे लोक' असा आहे. नृत्याचे नाव घुंगरासारख्या पायातील अलंकाराशी जोडले जाते, तसेच वेलींत पाय अडकण्याच्या अर्थाशीही जोडले जाते. जमिनीवर आडव्या-उभ्या धरलेल्या बांबूच्या जोड्या तालावर आपटल्या व मिटल्या जातात आणि नर्तकी त्यांच्या फटींतून पाऊल टाकत जाते. दोन्ही हातांत आपिर, म्हणजे पंखे, असतात. मागे एक सेविका पायोंग, म्हणजे छत्र, धरून त्याच बांबूंतून पावले टाकत असते. नजर खाली न नेणे हीच यातील खरी कसोटी आहे, कारण राजकन्या पायांकडे पाहत चालत नाही.

सांगितली जाणारी कथा अशी की, दिवातांनी खोडी म्हणून जंगलात भूकंप घडवला, राजकन्या गांदिंगन त्यात सापडली आणि कोसळत्या झाडांतून सावरत बाहेर पडली. बांबू म्हणजे ती झाडे. ही कथा दारांगेन या मारानाव महाकाव्याशी जोडली जाते. दारांगेन गाऊन सांगितले जाते. त्याची १७ प्रकरणे आणि सुमारे ७२,००० ओळी आहेत, आणि युनेस्कोने त्याला २००५ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून गौरवले.

गोंधळ येथूनच सुरू होतो. 'दारांगेन म्हणजे मारानाव रामायण' असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. दारांगेनचा नायक बांतुगन हा स्वतंत्र वीर आहे. मारानावांकडे रामकथा आहे, पण ती वेगळी. तिचे नाव 'महारादिया लावाना', म्हणजे महाराजा रावण. फिलिपिनो भारतविद्यातज्ज्ञ हुआन फ्रान्सिस्को यांनी ती मिळवून १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत रामाच्या जागी मांगांदिरी आहे, त्याचा भाऊ मांगावार्ना आहे, आणि लाक्सामाना हे नाव चक्क वानराला मिळाले आहे. लावानाची तपश्चर्या पाहून त्याची विनवणी ईश्वरापर्यंत नेणारा देवदूत इस्लामी परंपरेतील जिब्रील आहे. लक्ष्मण वानर झालेला पाहून आपल्याकडील कीर्तनकार दचकेल, पण कथा किती हातांतून गेली आणि तेथल्या लोकांनी ती किती आपलीशी केली, हे त्यावरूनच समजते.

थोडक्यात, मारानावांना रामकथा ठाऊक होती, आणि सिंगकिलही त्यांचेच आहे. पण सिंगकिल म्हणजे सीताहरणाचा प्रयोग नव्हे.

४. रंगमंचावर दिसणारे सिंगकिल अस्सल आहे की बसवलेले?

ते बसवलेले आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही. मनिलातील फिलिपीन विमेन्स युनिव्हर्सिटीमध्ये १९५७ मध्ये स्थापन झालेल्या बायानिहान नृत्यसंस्थेने १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात फिलिपिनो नृत्ये नेली आणि त्यानंतर जगाने ज्याला सिंगकिल म्हणून ओळखले ते मुख्यतः या संस्थेचे रूप होते. नृत्यरचना लुक्रेसिया रेयेस उर्तुला यांची होती. त्यांना पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय कलावंत हा किताब मिळाला. १९९८ मध्ये कायद्याने बायानिहानला राष्ट्रीय लोकनृत्य संस्थेचा दर्जा देण्यात आला.

सरोवराकाठच्या परंपरेत हे प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांचे नृत्य होते. ढाल-तलवार घेऊन बांबूंतून येणारा राजपुत्र, मोठा सेविकावर्ग, गती वाढत जाऊन टाळ्यांच्या टोकाला पोचणारा शेवट, ही रंगमंचाची भर आहे. मारानाव जाणकारांनी या रूपावर स्पष्ट टीका केली आहे, कारण प्रेक्षक त्यालाच मूळ समजतात आणि मूळ नृत्यातला संथ रुबाब मागे पडतो. आमचे मत असे की दोन्ही पाहावीत, पण कार्यक्रमपत्रिकेत 'रंगमंचीय रूप' असा उल्लेख असावा. लोकनृत्य स्पर्धेत लावणी आठ मिनिटांत बसवली जाते तेव्हा काय निसटते, हे जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकाला हा मुद्दा वेगळा समजावण्याची गरज नाही.

५. पांगलायमधील हस्तमुद्रा भरतनाट्यमच्या आहेत का?

हा आमच्याकडे सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न आहे. पांगलाय हे सुलूतील ताउसुग समाजाचे नृत्य आहे. गुडघे किंचित वाकलेले असतात, पावले जमिनीलगत सरकतात, आणि सारे लक्ष खांदा, कोपर, मनगट व बोटे यांच्या अखंड वळणाकडे असते. बोटे मागे वळलेली असतात. हालचाल कोठेही तुटत नाही. ही शैली इस्लामपूर्व काळापासूनची मानली जाते आणि लग्न व उत्सव यांत ती आजही दिसते.

साम्य डोळ्यांना जाणवते, यात शंका नाही. पण ते भरतनाट्यमपेक्षा थायलंड, कंबोडिया आणि बाली येथील नृत्यांशी अधिक आहे. फरक मुळात कामाचा आहे. भरतनाट्यमच्या हस्ताला शास्त्राने अर्थ दिलेला असतो आणि त्यातून कथा सांगता येते. पांगलायचा हात कथा सांगत नाही. त्यात पताका किंवा कटकामुख यांसारखी ठरीव नावांची व अर्थांची यादी नाही. नर्तक त्या क्षणी सुचेल तशी हालचाल गुंफतो, म्हणजे येथे उपज आहे, अभिनय नाही. त्यामुळे 'मुद्रा' हा शब्द वापरण्यापेक्षा 'हाताची वळणे' म्हणणे अधिक अचूक ठरेल.

'पांगलाय' हा शब्द संस्कृत असून त्याचा अर्थ 'नृत्याचे मंदिर' होतो, असेही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. शब्दाच्या शेवटी 'आलय' ऐकू आल्यामुळे हा मोह होतो, पण पहिल्या भागाची संस्कृतात उकल होत नाही. ताउसुग भाषेत पांगलाय म्हणजे नाच, एवढे पुरे आहे.

या शैलीचे जतन ज्यांच्यामुळे झाले त्या लिगाया फर्नांडो-आमिलबांगसा या सुलूमध्ये विवाह होऊन आलेल्या अभ्यासक. त्यांनी अनेक दशके गावोगावी नोंदी केल्या, १९८३ मध्ये पांगलायवर ग्रंथ लिहिला, १९९९ मध्ये शिकवणारी संस्था काढली, आणि २०१५ मध्ये त्यांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

६. पांगलाय, इगल आणि पामन्साक ही एकाच नृत्याची तीन नावे आहेत का?

एकाच कुळातील तीन भावंडे म्हणता येतील. ताउसुग लोक पांगलाय म्हणतात, समुद्रावर व किनाऱ्यावर राहणारे सामा लोक इगल म्हणतात, आणि बासिलान बेटावरील याकान लोक पामन्साक म्हणतात. इगल मलेशियातील साबा राज्याच्या सेम्पोर्ना किनाऱ्यावरही नाचले जाते, कारण सामा-बाजाऊ लोक सीमा आखल्या जाण्याच्या फार आधीपासून दोन्ही बाजूंना राहत आहेत. अशा ठिकाणी 'कोणी कोणाकडून घेतले' हा प्रश्नच चुकीचा ठरतो. नृत्य तेथेच होते, सीमा नंतर आली.

७. धातूची लांब नखे कशासाठी?

त्यांना जांगाय म्हणतात. ती बोटांची लांबी वाढवून वळण ठळक करतात. उत्तर थायलंडच्या नखनृत्यातही पितळी नखे दिसतात, त्यामुळे ही आवड आग्नेय आशियात बऱ्याच दूरवर पसरलेली आहे. जांगाय सर्वच प्रसंगी लावतात असे मात्र नाही. नखांशिवायही पांगलाय पूर्ण असते.

८. साथीचे संगीत म्हणजे इंडोनेशियाचा गामेलानच का?

गामेलान म्हणजे इंडोनेशियातील घंटा व इतर तालवाद्यांचा वाद्यवृंद. हे संगीत त्याचे नातेवाईक, पण तोच नव्हे. मिंदानावातील मुख्य वाद्य कुलिंतांग. त्यात मध्यभागी फुगवटा असलेल्या साधारण आठ लहान घंटा लाकडी चौकटीवर ताणलेल्या दोऱ्यांवर ओळीने मांडलेल्या असतात आणि त्या दोन काठ्यांनी वाजवल्या जातात. सोबत आगुंग व गांदिंगन या टांगलेल्या मोठ्या घंटा (हे गांदिंगन म्हणजे वाद्य, राजकन्या नव्हे), बाबांदिल ही लहान घंटा आणि दाबाकान हा ढोल असतो. जावामधील बोनांग आणि सुमात्रातील तालेम्पोंग ही याच घराण्यातील वाद्ये आहेत.

गामेलानमध्ये अनेक वादकांचे थर एकमेकांत बसवलेले असतात, तर कुलिंतांगमध्ये एक वादक सुरावट खुलवत जातो आणि इतर त्याला ताल पुरवतात. दोन संचांचे स्वर जुळतीलच असे नाही, कारण ठरलेली पट्टी नसते. कुलिंतांग परंपरेने स्त्रिया वाजवत आल्या आणि आगुंग पुरुष.

उत्तरेकडील कॉर्डिलेरा डोंगरांत कालिंगा व इतर समाज वापरतात तो सपाट घंटांचा ताफा निराळा. त्या घंटेला गांग्सा म्हणतात. मलय भाषेत 'गांग्सा' म्हणजे कांस्य, आणि त्याचे मूळ संस्कृत 'कंस' या शब्दात आहे. आपल्या काशाच्या वाटीतील 'कासे' तेच. पण सपाट घंटा वाजवण्याची रीत व्हिएतनाममधील मध्य पठारावरील जमातींशी जुळते, भारताशी नाही. शब्द एकीकडून, वस्तू दुसरीकडून, असे येथे वारंवार घडते.

९. चीनचा प्रभाव कोणत्या नृत्यात दिसतो?

चीनशी सुलूचे संबंध जुने व प्रतिष्ठेचे होते. १४१७ मध्ये सुलूचा राजा पादुका बातारा मिंग सम्राट योंगले यांच्या भेटीला गेला आणि परतीच्या वाटेवर शांतुंग प्रांतातील देझोऊ येथे मरण पावला. त्याची समाधी आजही तेथे आहे. सुलूचा राजा, 'पादुका' आणि 'भट्टार' अशी संस्कृत मुळांची बिरुदे, आणि दफन चीनमध्ये : या एका माणसात सारा समुद्र सामावला आहे.

नृत्यातील उदाहरण म्हणून बहुधा 'सुआ-कु-सुआ' या ताउसुग प्रणयनृत्याचे नाव घेतले जाते. सुआ म्हणजे पपनस; नावाचा अर्थ 'माझे पपनसाचे झाड'. पपनसाच्या फांद्यांचे डोलणे आणि फुलांचा गंध यांवर प्रेमाची उपमा रचलेली असते आणि नर्तक लहान पंखे पानांसारखे हलवतात. पंखे चिनी वळणाचे मानले जातात. हे संभाव्य आहे, पण केवळ पंखा हातात आहे म्हणून नृत्य चिनी ठरवू नये. सिंगकिलच्या आपिरलाही (प्रश्न ३) तोच निकष लावावा लागेल.

१०. टिनिकलिंग आणि मिझोरमचे चेराव एकच वाटतात. एकाने दुसऱ्याकडून घेतले का?

तसा पुरावा नाही. टिनिकलिंग विसाया भागातील लेते बेटाचे मानले जाते आणि त्याचे नाव टिकलिंग या पाणथळीतील पक्ष्याच्या चालीवरून पडले. त्याचा ताल तीन मात्रांचा असून साथ स्पॅनिश वळणाच्या तंतुवाद्यांची असते. चेरावमध्ये पुरुष बांबू आपटतात व स्त्रिया पावले टाकतात, आणि जुन्या काळी त्याचा संबंध प्रसूतीत मरण पावलेल्या स्त्रीच्या विधीशी होता. साबामधील मुरुत लोकांचे मागुनातिप आणि चीनच्या हायनान बेटावरील ली लोकांचा बांबूनाच हेही त्याच जातीचे आहेत. जेथे बांबू मुबलक आहे तेथे काठ्यांच्या फटीत उडी मारण्याचा खेळ सुचणे अवघड नाही. जुना सामाईक वारसा असू शकतो, पण उसनवारीची दिशा दाखवता येत नाही.

११. सागायानला युद्धनृत्य म्हणतात. ते सिलात या मलय युद्धकलेपैकी आहे का?

सागायान हे मागिंदानाव समाजाचे नृत्य आहे. नर्तक अनेक रंगांचे घेरदार वस्त्र व शिरोभूषण घालतो, एका हातात ढाल आणि दुसऱ्या हातात नागमोडी पात्याची क्रिस धरतो व लढाईला निघालेल्या बांतुगनचे (प्रश्न ३) रूप दाखवतो. क्रिस हे शस्त्र आणि त्याभोवतीचा आदर सगळ्या मलय जगतात आहे. परंतु सिलातशी थेट नाते सागायानपेक्षा सुलूतील 'लांका-सिलात' या प्रकाराचे आहे. त्याच्या नावातच ते आहे.

१२. मुस्लिम समाजात नृत्य आणि घंटावादन चालते का?

चालते, पण धार्मिक विधीपासून वेगळे ठेवून. मागिंदानाव समाजात कुलिंतांग मशिदीत वाजवत नाहीत, आणि रमजानमध्ये दिवसा उपवास असताना ते बंद असते. लग्न, स्वागत, मेजवानी, स्पर्धा हे त्याचे प्रसंग आहेत. दिवाता आणि इस्लाम एका नृत्यात कसे नांदतात, असे विचारणाऱ्यांना हे वेगळेपण ठाऊक असलेले बरे.

१३. मागलालातिक हेही मुस्लिम नृत्य आहे ना? त्यात 'मोरो' (स्पॅनिशांनी मुस्लिमांना दिलेले नाव) असतात.

नाही. हा फसवा अपवाद आहे. मागलालातिक लागुना प्रांतातील बिन्यान गावचे, ख्रिस्ती समाजाचे नृत्य आहे. पुरुष छाती, पाठ, कंबर व मांड्यांवर नारळाच्या करवंट्या बांधतात आणि हातांतील करवंट्यांनी त्यांवर ताल धरतात. लाल विजारीचा गट 'मोरो' आणि निळ्या विजारीचा गट ख्रिस्ती. दोघांत लातिकवरून, म्हणजे नारळाच्या दुधापासून उरणाऱ्या रवाळ अंशावरून, लुटूपुटूची लढाई होते आणि शेवटी सलोखा. ते शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याला अर्पण केले जाते. येथे मोरो पात्र स्पॅनिश काळातील ख्रिस्ती नजरेतून आलेले आहे. दक्षिणेतील मुस्लिम समाजांच्या नृत्यपरंपरेशी त्याचा संबंध नाही.

१४. पांडांगो सा इलावमध्ये डोक्यावर व हातांवर दिवे असतात. ते इंडोनेशियाचे का?

नाव स्पॅनिश फांदांगोवरून आले आहे आणि नृत्य मिंदोरो प्रांतातील लुबांग बेटाचे मानले जाते. सुमात्रातील मिनांगकाबाऊ लोकांचे मेणबत्तीनृत्य त्याच्यासारखे दिसते, पण दिवा तोलण्याचे कौशल्य सोडता चाल, ताल व वेश वेगळे आहेत.

१५. आमच्या शाळेच्या संमेलनात यातील नृत्य बसवायचे आहे. काय पाळावे?

पहिली गोष्ट, कार्यक्रमपत्रिकेत 'फिलिपिनो मुस्लिम नृत्य' असे सरसकट न लिहिता समाजाचे नाव लिहावे : सिंगकिल मारानावांचे, पांगलाय ताउसुगांचे, सागायान मागिंदानावांचे. दुसरी, वेशासाठी मालोंग, म्हणजे शिवून नळीसारखे केलेले रुंद वस्त्र, सहज शिवून घेता येते. नऊवारीच्या काठाचा तुकडा जोडून 'शोभा आणण्याचा' मोह टाळावा. सिंगकिलचे छत्र सेविकेच्या हातातच ठेवावे, राजकन्येच्या नव्हे, कारण छत्र धरणारी दुसरी व्यक्ती असणे हेच तिच्या दर्जाचे चिन्ह आहे.

बांबूसाठी सरावाची क्रमवारी महत्त्वाची आहे. आरंभी काठ्या जमिनीवर स्थिर ठेवून नुसती पावले बसवावीत, मग ताल तोंडाने म्हणत चालावे, आणि काठ्या हलवणाऱ्या मुलांचा ताल पक्का झाल्यावरच त्या मिटाव्यात. बहुतेक दुखापती नाचणाऱ्याच्या चुकीने नव्हे तर काठी धरणाऱ्याच्या घाईने होतात. सराव अनवाणी असेल तर बांबूच्या कडा व पेरे घासून गुळगुळीत करावीत. पुरेसा वेळ नसेल तर टिनिकलिंग निवडावे. सिंगकिलमधील आडव्या-उभ्या काठ्या दोन आठवड्यांत बसत नाहीत, आणि खाली पाहत चाललेली राजकन्या पाहणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होते.